.३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरचं चेंबर वाढवून .३५७ मॅग्नम वापरता येईल का?

नाही. चेंबर (सिलिंडरमधली काडतुसाची जागा) वाढवलं की मॅग्नमचं काडतूस बसेल हो, पण बसणं वेगळं आणि दाब झेलणं वेगळं.

दोन्हींच्या गोळीचा व्यास जवळपास एकच. मॅग्नमची केस (काडतुसाचं धातूचं नळकांडं) .३८ पेक्षा सुमारे ३ मिमी जास्त लांब आहे. १९३५ मध्ये ती बाजारात आणताना मुद्दामच लांब ठेवली, जुन्या .३८ मध्ये कुणी चुकूनही भरू नये म्हणून. रीमर (भोक वाढवणारं अवजार) फिरवून तुम्ही नेमका तोच अडसर काढून टाकणार! अमेरिकी मानकानुसार कमाल दाब .३८ स्पेशलला १७,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), मॅग्नमला ३५,०००.

सिलिंडर बाहेरून नीट बघा. त्याला जागेवर अडवणाऱ्या छोट्या खाचा दिसतील. सहा गोळ्यांच्या बऱ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये त्या थेट चेंबरवरच येतात, म्हणजे धातू सगळ्यात पातळ तिथेच. पोलादाचा दर्जा आणि उष्णोपचार तर डोळ्यांना दिसतच नाहीत. चार बार नीट उडाले म्हणून निर्धास्त होऊ नका, तडा हळूहळूही वाढतो.

अमेरिकेत स्वस्तात विकल्या गेलेल्या जुन्या .४५५ वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरांचंही असंच झालं. सिलिंडरची मागची बाजू घासून त्यांत .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस घालू लागले. त्याचा दाब मूळ काडतुसापेक्षा बराच जास्त, त्यामुळे काही सिलिंडर फुटले.

उलटं मात्र चालतं: .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल खुशाल वापरतात. ताकद हवी असेल तर मुळात त्यासाठीच बनवलेलं हत्यार घ्या. भारतात असाल तर विनापरवाना असा फेरफार शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हाच आहे.