वाहन-सल्ला : किल्लीवाचून सुरू होणाऱ्या जीपची राखण

जुन्या जीप आणि जिप्सी यांच्या चोरीपासूनच्या संरक्षणाविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांनी आपापल्या गाडीतील गुप्त स्विचची जागाही कळवली होती. तो मजकूर छापताना वगळला आहे, आणि यापुढे कोणीही ती जागा पत्रात लिहू नये, अशी विनंती आहे.

प्रश्न : माझ्याकडे १९९७ सालची महिंद्राची डिझेल जीप आहे. वर कॅनव्हासचे हूड आहे आणि दारांना कुलूप नाही. आमचे शेत भोर तालुक्यात डोंगरउतारावर असून जीप रात्री गोठ्याशेजारी उघड्यावर उभी असते. चोरीच्या भीतीने मी बॅटरीच्या ऋण तारेत कट-ऑफ स्विच बसवला आहे. इंजिन बंद करण्यासाठी मात्र किल्ली पुरत नाही, डॅशबोर्डवरील स्टॉपची मूठ ओढावी लागते. एवढा बंदोबस्त पुरेसा आहे का? नसल्यास घरच्या घरी आणखी काय करता येईल? (एक वाचक, भोर, जि. पुणे)

उत्तर : पुरेसा नाही, आणि त्याचे कारण आपण स्वतःच पत्रात लिहिले आहे. ज्या इंजिनाला थांबवण्यासाठी मूठ ओढावी लागते, त्या इंजिनाला चालू राहण्यासाठी विजेची गरज नसते. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडली नाही तर काहीच घडत नाही. आपल्या इंजिनात दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते, आणि ते नोझलपर्यंत ढकलणारा पंप इंजिनाच्याच फिरण्यावर चालतो. बॅटरी तोडल्याने फक्त स्टार्टर आणि दिवे बंद पडतात. आपली जीप उतारावर उभी असते, म्हणजे चोराला स्टार्टरची गरजही नाही. हँडब्रेक सोडायचा, दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची, वेग आला की क्लच सोडायचा. आपण स्वतः बॅटरी उतरलेल्या सकाळी हेच करत असाल.

त्या स्विचविषयी आणखी एक सूचना. इंजिन चालू असताना तो कधीही बंद करू नये, कारण बॅटरीचा आधार एकाएकी सुटला की विजेचा दाब उसळून अल्टरनेटरचे डायोड जळण्याची शक्यता असते. स्विच काढून टाकण्याची आवश्यकता नाही. स्टार्टरपुरती ती एक आडकाठी आहे आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर बॅटरीही टिकते.

खरी राखण डिझेल जेथे अडते तेथे, म्हणजे पंपावरील स्टॉपच्या तरफेशी केली पाहिजे. मूठ ओढली की केबल ही तरफ खेचते आणि पंप डिझेल देणे थांबवतो. मूठ सोडली की स्प्रिंग तरफेला परत चालू स्थितीत आणते. अनेक जण डॅशबोर्डवर मूठ ओढलेल्या अवस्थेत तिच्या दांड्यावर कुलूप घालतात आणि निर्धास्त होतात. ही रचना मला मान्य नाही. केबल बॉनेटखाली कोठेही पक्कडीने तोडली की तीच स्प्रिंग तरफेला चालू स्थितीत नेऊन ठेवते, म्हणजे कुलूप जागच्या जागी राहते आणि इंजिन सुरू होण्यास मोकळे होते. कुलूप केबलला नव्हे, तरफेला लागले पाहिजे.

त्यासाठी पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीचा एक कोनी आधार करून घ्यावा. तो पंपाच्या अंगावर नव्हे, तर जवळच्या एखाद्या भक्कम ब्रॅकेटच्या बोल्टखाली बसवावा. तरफ पूर्ण ‘बंद’ स्थितीत गेली असता तिच्या पुढ्यात येऊन तिला परत फिरू न देणारी दुसरी सुटी पट्टी या आधारात सरकली पाहिजे आणि दोन्हींच्या जुळलेल्या भोकांतून कुलूप गेले पाहिजे. पंपावर वेल्डिंग करू नये, तरफेला भोक पाडू नये, आणि तरफ तिच्या नैसर्गिक थांब्यापलीकडे दाबून धरली जाईल असे मापही ठेवू नये. तिचा आस नाजूक असतो आणि तो वाकला तर पंप उतरवावा लागतो. माप आधी जाड पुठ्ठ्यावर कापून पाहावे. एवढ्या लहान जागेत पुठ्ठ्याने जी चूक दहा मिनिटांत उमगते, ती लोखंडात उमगायला अर्धा दिवस जातो.

रात्री कुलूप घातल्यावर स्टार्टर मारून पाहा आणि मोकळ्या, सुरक्षित उतारावर ढकलूनही पाहा. इंजिन सुरू होता कामा नये. सकाळी कुलूप काढल्यावर सुटी पट्टी आधारातून पूर्ण बाहेर काढून डब्यात ठेवा. ती तेथेच सैल राहू दिली आणि खडकाळ वाटेवर हादऱ्यांनी सरकली, तर चालत्या गाडीत तरफ अडण्याचा धोका आहे. स्टॉपची मूठ कोणत्याही क्षणी ओढता आली पाहिजे आणि वेगाची तरफही मोकळी फिरली पाहिजे. वरंधा घाटात इंजिन आपोआप बंद पडणे आणि बंद करायचे असताना ते बंद न होणे, या दोन्ही गोष्टी चोरीपेक्षा भयंकर आहेत. घरगुती साधन कितीही हुशारीने केलेले असो, चालत्या गाडीच्या इंजिनावर त्याचा कोणताही अंमल चालू नये, ही अट मी कोणाच्याही भिडेखातर सोडणार नाही.

याच कारणासाठी टाकीपासून येणाऱ्या नळीत छुपा कॉक बसवण्याचा सल्ला मी देत नाही. कॉक बंद असला तरी फिल्टर आणि पंपातल्या उरलेल्या डिझेलवर गाडी काही अंतर जाते आणि मग रस्त्याच्या मधोमध थांबते. शिवाय नळीत हवा शिरते, ती हँडपंपाने काढत बसावे लागते, आणि रोटरी पंप असेल तर त्याचे वंगण डिझेलच असल्यामुळे तो कोरडा फिरून खराब होतो. मी स्वतः काही वर्षांपूर्वी असा कॉक बसवला होता. एका पहाटे आजारी माणसाला तालुक्याला न्यायचे असताना तो उघडण्याचे राहून गेले, गाडी फाट्यावर बंद पडली, आणि हवा काढून ती पुन्हा सुरू होईपर्यंत जो वेळ गेला तो मला आजही अस्वस्थ करतो. त्याच आठवड्यात मी तो कॉक काढून टाकला.

तरफेचे कुलूप बॉनेटखाली असल्याने बॉनेटही बंद राहिले पाहिजे. जुन्या जीपचे बॉनेट दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या कड्यांनी अडकवलेले असते आणि कोणीही हाताने ते उघडू शकतो. दोन्हीकडे कडी-कोयंडा बसवावा, पण त्याचे बोल्ट गोल डोक्याचे घेऊन नट आतल्या बाजूस ठेवावेत. अन्यथा चोर कुलपाकडे न पाहता पान्याने कोयंडाच सोडवील. बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर त्यांचाही असाच बंदोबस्त करावा.

आता गाडी ओढून नेण्याचा प्रश्न. दुसऱ्या वाहनाला बांधून नेली तर वरील कुलपांचा काही उपयोग नाही. काही जण फोर-व्हील ड्राइव्हच्या ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्समधून येणारा जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीचा) दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून त्याला कुलूप लावतात. इंजिन सुरू झाले तरी चाके फिरत नाहीत, ही कल्पना सपाट जमिनीवर चांगली आहे. परंतु त्या स्थितीत गिअरमध्ये ठेवलेली गाडीही चाकांना धरून ठेवत नाही, सारा भार हँडब्रेकवर येतो, आणि ओढून नेणाऱ्याला तर मदतच होते. आपल्या उतारावर हा उपाय वर्ज्य समजावा.

त्याऐवजी गाडी जमिनीला बांधा. सोळा मिलिमीटरच्या सळईचा इंग्रजी यू अक्षरासारखा आकडा करून, त्याचे पाय टोकाशी बाहेर वाकवून, सुमारे दीड फूट खोल काँक्रीटमध्ये पुरावा आणि किमान सात दिवस पाणी मारल्यानंतरच त्यावर ताण द्यावा. साखळी त्यातून घेऊन मागच्या अ‍ॅक्सलभोवती किंवा चॅसीच्या आडव्या पट्टीभोवती फिरवावी, मात्र ब्रेकची नळी साखळीत दाबली जात नाही याची खात्री करावी. स्टिअरिंगच्या चाकाला साखळी बांधण्याचा उपयोग थोडा असतो, कारण त्याची कड करवतीने कापता येते. साखळी सहा-आठ मिलिमीटरची साधी घेतली तर मोठ्या कटरपुढे टिकत नाही. दहा-बारा मिलिमीटरची, चौकोनी कड्यांची, कठीण केलेल्या पोलादाची घ्यावी आणि ती जमिनीवर लोळू देऊ नये, कारण कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून वरून अंगाचा भार देता आला की कापणे फार सोपे होते. चॅसीवर कडी वेल्ड करायची असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवाव्यात आणि टाकीजवळ काम करू नये.

प्रश्न : माझी एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी) पेट्रोल जिप्सी आहे. पेट्रोल पंपाच्या तारेत छुपा स्विच टाकावा असे एकाने सुचवले, परंतु ट्रेलवर हादऱ्यांनी स्विच सुटला तर काय होईल, याची भीती वाटते. अशा साधनाला विम्यात सवलत मिळते का? (एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : आपली भीती रास्त आहे. साधा स्विच मुख्य तारेत घालू नये. त्याऐवजी स्वतःला धरून ठेवणारा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, वापरावा. किल्ली फिरवल्यावर इग्निशन कॉइलकडे जाणारी तार तोडून तिचे किल्लीकडून येणारे टोक रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला व कॉइलकडे जाणारे ८७ ला जोडावे. ८५ चॅसीला आणि ८६ हा ८७ ला जोडावा. मग ३० आणि ८६ यांच्यामध्ये दाबले तेवढ्यापुरतेच जोडणारे लहान बटण बसवावे. किल्ली फिरवून बटण एकदा दाबले की रिले आपल्याच प्रवाहावर धरून राहतो आणि किल्ली बंद केली की सुटतो. इंजिन चालू असताना बटणाची तार सैल होऊन सुटली, तरी गाडी बंद पडत नाही. पेट्रोल पंपाच्या तारेत ही जोडणी चालत नाही, कारण किल्ली फिरवल्यावर त्या पंपाला काही क्षणच वीज मिळते आणि ती गेली की रिलेही सुटतो.

रिले १२ व्होल्टचा, ३० अँपिअरचा, पाणी न शिरणारा घ्यावा, प्रवाशांच्या बाजूस उंचावर बसवावा, आणि जोडांवर पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळण्याऐवजी क्रिंप करून उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. फोंड्याच्या पावसात चिकटपट्टीचा जोड पहिल्याच हंगामात हिरवा पडतो. विम्याविषयीही आपण विचारले आहे. पुण्याच्या एआरएआय संस्थेने मान्य केलेल्या चोरीविरोधी साधनाला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीपुरत्या विमाहप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये, सवलत मिळते. घरी केलेल्या साधनाला ती मिळत नाही. दोन्ही किल्ल्या मात्र जपून ठेवा, कारण चोरीचा दावा करताना विमा कंपनी त्या मागते.

प्रश्न : माझ्या भावाने जीपच्या पत्र्याला हात लागताच झटका बसेल अशी जोडणी कुंपणाच्या यंत्रावरून केली आहे. ती सुरक्षित आहे का? (एक वाचक, अकोले, जि. अहिल्यानगर)

उत्तर : नाही. हे पत्र वाचून होताच ती जोडणी सोडवावी. कुंपणाचे यंत्र जनावराला दूर ठेवण्यासाठी, दिसणाऱ्या आणि सूचना लावलेल्या तारेवर वापरायचे असते. जीपला हात लावणारे पहिले माणूस बहुधा घरातले मूल किंवा पहाटे धारेला निघालेली बाई असेल, आणि पत्र्यावरील ठिणगी डिझेलच्या नव्हे तरी पेट्रोलच्या वाफेला पेटवू शकते. कोणाला इजा झाली तर जबाबदारी आपल्या भावावर येईल, मग तो माणूस चोर असला तरीही. त्या यंत्राऐवजी बॉनेटखाली आणि चालकाच्या आसनाखाली दाराच्या दिव्याचे असतात तसे दोन स्विच बसवून ते फ्यूजसह एका मोठ्या हॉर्नला जोडावेत. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच असावा, आणि हॉर्न अशा जागी असावा की त्याची तार बॉनेट न उघडता हाताला लागणार नाही.