गणपतीनंतरचे 180 दिवस

मस्जिद बंदरच्या एका ताईंनी विचारलंय: क्लिअरिंग-फॉरवर्डिंगची भागीदारी फर्म, नऊ माणसं, गणपती झाले की नवा सर्व्हर यायचाय. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं कोटेशन 1 लाख 40 हजारांचं. हार्डवेअरवाला म्हणतो, "ट्रायल टाकून देतो, सहा महिने फुकट, पुढे रीआर्म (म्हणजे ट्रायलची मुदत पुन्हा नव्याने सुरू) करत राहू." तर हे पैसे एफडीत ठेवावेत का?

ताई, साडेसहा टक्के धरले तर सहा महिन्यांचं व्याज होतं साधारण साडेचार हजार, आणि त्यावरही कर. आता दुसरी बाजू. ट्रायल 180 दिवसांची. पहिल्या दहा दिवसांत ती इंटरनेटवरून ॲक्टिव्हेट करावी लागते. मुदत संपली की सर्व्हर दर तासाला आपसूक बंद होतो. गणपतीनंतर बसवलात तर ही वेळ येणार ऐन मार्चमध्ये, जेव्हा तुमच्या ऑफिसात कुणाला पाणी प्यायला फुरसत नसते. रीआर्म होतं, तो खोटं बोलत नाही. पण ठरावीक वेळाच, आणि हा परवाना मुळात पारखून बघण्यापुरता असतो. त्यावर रोजचा धंदा चालवला तर तो पहिल्या दिवसापासूनच नियमाबाहेर. शिवाय सर्व्हर डोमेन कंट्रोलर (ऑफिसातल्या सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा) केला असेल, तर नुसती परवान्याची की, म्हणजे तिचा क्रमांक, टाकून तो पक्का होत नाही; आधी ते काम त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं. त्याची मजुरी कोण देणार?

माझा जीव अडकला तो घसाऱ्यात, म्हणजे वस्तू जुनी होत जाते म्हणून करासाठी उत्पन्नातून मिळणाऱ्या वजावटीत. सॉफ्टवेअरवर 40 टक्के घसारा मिळतो, पण खरेदीच्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर त्या वर्षी निम्माच. (इथेही 180, निव्वळ योगायोग.) सप्टेंबरअखेर परवाना घेऊन वापरात आणलात तर 56 हजारांची वजावट, मार्चमध्ये घेतलात तर 28 हजारांची. फर्मच्या दराने यंदाच्या करात पावणेनऊ हजारांच्या आसपास फरक. राहिलेला घसारा पुढच्या वर्षांत मिळतोच, पण रोकड यंदा हाताशी राहते. म्हणजे एफडीचा मुद्दा निकालात.

तरी त्या कोटेशनवर लगेच सही नको. सर्व्हरवर फक्त फायली आणि हिशेबाचा डेटा ठेवणार असाल, तर नव्या मशीनबरोबर मिळणारी इसेन्शियल्स आवृत्ती विचारा. ती 25 जणांपर्यंत चालते आणि माणसामागे वेगळं कॅल (सर्व्हर वापरण्याचा परवाना) घ्यावं लागत नाही. मात्र तिला एकच प्रोसेसर चालतो, तोही दहा कोअरपर्यंतचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग). तेव्हा मशीन बुक करण्याआधीच प्रोसेसरला कोअर किती ते हार्डवेअरवाल्याला विचारा.