वाचकांचे प्रश्न: समुद्रातला राक्षस सुचतो कुठून?

प्रश्न: मी रत्नागिरीला राहतो, हौस म्हणून अ‍ॅक्रिलिकमध्ये चित्रं काढतो. समुद्रातला काल्पनिक प्राणी काढायला बसलो की हात आपोआप सिनेमातल्या ड्रॅगनकडे वळतो, दात, खवले, लाल डोळे, झालं. मोठ्या चित्रकारांना हे प्राणी कुठून सुचायचे? पुराणं वाचून?

उत्तर: पुराणं वाचलेली असायचीच, पण नुसतं वाचून चित्र होत नाही हो. आर्नोल्ड ब्योकलिन बघा. स्वित्झर्लंडमध्ये बाझलला जन्मलेला, म्हणजे जिथं समुद्रच नाही तिथला माणूस, पण आयुष्याची बरीच वर्षं इटलीत काढली आणि समुद्रात राहणारी माणसं त्याच्याइतकी खरी वाटतील अशी क्वचितच कुणी रंगवली असतील. त्याचं १८८३ चं 'लाटांच्या खेळात' नावाचं मोठं चित्र आहे, म्युनिकच्या नोये पिनाकोथेक संग्रहालयाचं. नेटवर सहज सापडेल, आधी ते बघा आणि मग पुढचं वाचा.

तर त्या चित्रामागची गोष्ट अशी सांगतात की आन्टोन डोर्न नावाचा प्राणिशास्त्रज्ञ त्याचा दोस्त होता (१८७२ मध्ये नेपल्सला समुद्री जीवांच्या अभ्यासाचं केंद्र सुरू केलं तोच, ते केंद्र अजून चालू आहे). एकदा सगळे समुद्रात पोहत असताना या डोर्नला चेष्टा सुचली, त्यानं बुडी मारली, पाण्याखालून लांबवर गेला आणि पोहणाऱ्या बायकांच्या मधोमध भुस्सकन वर आला. त्या जाम दचकल्या! ब्योकलिनला चित्राचं बीज मिळालं ते इथं. पुढच्या हसऱ्या ट्रायटनचा, म्हणजे ग्रीक कथांमधल्या समुद्रपुरुषाचा, चेहरासुद्धा डोर्नवरूनच घेतलाय म्हणतात. दिवसभर खरे समुद्री जीव तपासणारा माणूस चित्रात स्वतःच समुद्री जीव झाला, मला तर ही गंमत चित्राइतकीच आवडते.

आता चित्रात काय आहे ते नीट बघा. ट्रायटन खुशीत आहे पण त्याच्याजवळच्या जलकन्येचे डोळे भीतीनं मोठे झालेत आणि ती थेट आपल्याकडे बघतेय. मागून एक जाडजूड, अर्धा घोडा वाटणारा बाप्या लाटेतनं येतोय, आणि एकीनं तर अशी बुडी मारलीय की तिचे नुसते पायच पाण्याबाहेर दिसतायत. घाबरवणारा आणि घाबरणारी दोघांना एकाच वेळी दाखवलंय, म्हणून बघणाऱ्याला हसू येतं आणि थोडं अस्वस्थही वाटतं. शेपटी, खवले वगैरे नंतरची गोष्ट.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला, ड्रॅगनचे फोटो बंद करा. मिरकरवाड्याला सकाळी बोटी लागतात तेव्हा स्केचबुक घेऊन जा, मोरीची, म्हणजे शार्कची, कातडी बघा, वाम माशाचा जबडा बघा, ओली कातडी उन्हात कशी चमकते आणि सुकली की कशी निस्तेज होते ते रंगवून बघा. आणि पाण्यात पोहणाऱ्या पोरांचे चेहरे काढा, पायाला काहीतरी लागलं की कसे होतात ते. राक्षस आधी त्या चेहऱ्यात दिसला पाहिजे. मग अंग थोडंसंच दाखवलंत तरी चालेल, बाकीचं पाण्याखाली राहू द्या, तुमचं कामही वाचेल.

प्रश्न: जलपरी, ट्रायटन सगळं परदेशी. आपल्याकडे असा प्राणी नाही का?

उत्तर: आहे की, मकर! वरुणाचं वाहन, गंगेचंही. देवळांच्या तोरणांवर आणि पाणी बाहेर पडायच्या दगडी तोंडांवर शोधा, मगरीसारखा जबडा, बऱ्याचदा हत्तीची सोंड आणि मागे माशाची किंवा पिसाऱ्यासारखी नक्षीदार शेपूट. कारागिरांनी ओळखीच्या प्राण्यांचेच तुकडे जोडलेत, पण सांधा कुठं आहे ते लवकर सापडत नाही, कारण जिथं एक प्राणी संपून दुसरा सुरू होतो तिथंच बहुतेक वेळा वेलबुट्टी घातलेली असते. रंगात काढणार असाल तर वेलबुट्टीच्या जागी फेस वापरून बघा.