ऑफिसातली सतरंजी सरकते, टेप लावू का?

प्रश्न : डोंबिवलीत आमच्या सीएंचं छोटं ऑफिस आहे, सगळीकडे गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. सरांनी हौसेने सोलापुरी सतरंजी आणून दारापासून केबिनपर्यंतच्या पॅसेजमध्ये टाकलीये. परवा चहाचा ट्रे घेऊन येणारा मुलगा तिच्यावरून घसरला, मुका मार लागला हाताला. डबल साइड टेपने चिकटवून टाकली तर चालेल का?

– एक वाचक

उत्तर : चिकटेल हो, पण टिकणार नाही. सुती सतरंजी हलकी, खाली रबर वगैरे काही नाही, आणि या टाइल्स पाणी जवळपास पीतच नाहीत, त्यामुळे छत्रीचं पाणी असो की लादी पुसल्याचं, ते वरच राहतं आणि सतरंजी त्याच्यावरून सटकते, बारीक धुळीनेही तेच होतं. टेप धरते ती कोरड्या, स्वच्छ फरशीवर. त्यात लादी पुसायला मावशी सतरंजी रोज उचलणार ना? चारदा उचलली की पकड गेली, मग कोपरे वर वळतात आणि आधी लोक घसरत होते ते आता अडखळून पडतात. म्हणून काय लावायचं ते ठरवताना मावशींना आधी विचारा, सर नंतर.

मॅट, पडदे विकणाऱ्या दुकानात अँटी-स्लिप जाळी मिळते, रबराची किंवा पीव्हीसीची. सतरंजीपेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन सेंटीमीटर कमी कापून खाली घाला, रोज उचलता येते, धुताही येते. गोंडे आत दुमडून शिवून घ्या, त्यात चपलेचं टोक अडकतं. फरशी पूर्ण सुकल्यावरच अंथरा आणि अंथरल्यावर पायाने आडवं ढकलून बघा, हलली तर जाळी बदला. दार उघडताना सतरंजीला घासत असेल तर तिथून मागे घ्या.

खरं सांगू? ट्रे घेतलेल्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत, त्या पॅसेजमध्ये सतरंजी नकोच, केबिनमध्ये सोफ्याच्या पायाखाली दाबून टाका, सरांची हौसही राहील. दारात खाली रबर असलेलं पायपुसणं ठेवा, चांगलं लांब, म्हणजे दोन्ही पाय पुसले जातील. १९४८ च्या जुन्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम ३२ मध्येसुद्धा येण्याजाण्याच्या वाटेवर घसरायला होईल असं काही नको असंच होतं, तुमचं ऑफिस फॅक्टरी नाही पण सरांना सांगायला बरं पडेल.

आणि टेप आधीच लावली असेल तर तिचा गोंद खोबरेल तेलाने सुटतो, फक्त नंतर साबणाच्या पाण्याने दोनदा पुसून कोरडं करा, तेल राहिलं तर सतरंजीशिवायच घसराल.