इंग्लंडमधलं जुनं मॅनर हाउस (जमीनदाराचा वाडा) घेताय? आधी हे तपासा

किमतीची घासाघीस नंतर. आधी घर नॅशनल हेरिटेज लिस्टवर, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या अधिकृत यादीत, कोणत्या श्रेणीत आहे ते बघा. ग्रेड टू श्रेणी म्हणजे फक्त दर्शनी भाग संरक्षित, हा गैरसमज. आतला जिनासुद्धा संरक्षित असतो. आधीच्या मालकाने परवानगीविना खिडक्या बदलल्या असतील, तर त्या पूर्ववत करण्याची नोटीस तुमच्यावर येऊ शकते, आणि तिला कालमर्यादा नाही. म्हणून प्रत्येक बदलाचं संमतिपत्र वकिलाकरवी मागवाच.

घराची पाहणी लेव्हल थ्रीची, म्हणजे सर्वांत सखोल, तीही जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या सर्व्हेअरकडून. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं कुजतात. वरून मात्र सगळं छान दिसतं! नेमकी तीच टोकं तपासायला सांगा. माळ्यावर वटवाघळं असतील तर ती कायद्याने संरक्षित आहेत. छताचं काम अडतं.

घरासोबत रान असेल, तर तिथली झाडतोड तिमाहीत 5 घनमीटरच्या वर गेली, किंवा 2 घनमीटरहून जास्त लाकूड विकलं, तर सहसा फॉरेस्ट्री कमिशनचा (सरकारी वनविभागाचा) परवाना लागतो. झाडावर संरक्षण आदेश असेल तर फांदी छाटायलाही स्थानिक कौन्सिलची परवानगी घ्या.