डब्याचं झाकण

प्रश्न : माझी मुलगी ऑगस्टमध्ये शिकायला बोस्टनला गेली. परवा तिचा फोन आला, ‘आई, उद्या मोठं स्नोस्टॉर्म आहे, कॉलेज बंद.’ त्यानंतर दीड दिवस फोन नाही. नंतर कळलं, वीज गेली आणि बॅटरी संपली होती, एवढंच. पण मी रात्रभर जागी. तुम्ही तिकडे राहिला आहात असं ऐकलं. असं वादळ खरंच कसं असतं? तिला काय सांगू? आणखी गरम कपडे पाठवू का?
— एक आई, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, कपडे इथून पाठवू नका. 1977 मध्ये लग्न होऊन निघाले तेव्हा माझ्याजवळ राजवाड्याजवळून घेतलेले दोन स्वेटर आणि आईची शाल होती. तिथल्या वाऱ्यापुढे शाल म्हणजे मच्छरदाणी! तिथले कपडे तिथेच घ्यावेत.

आता वादळ. तारीख सांगते, सोमवार, 6 फेब्रुवारी 1978. बोस्टनजवळ वॉल्थमला एका इटालियन आजींच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायचो. दोनच आठवड्यांपूर्वी 21 इंच हिम पडून गेलं होतं, त्यामुळे मला वाटायचं, आपण आता मुरलो. रेडिओवर वादळ सांगितलं होतं, पण सकाळ कोरडी निघाली. सगळ्यांनी हवामानवाल्यांना नावं ठेवली आणि कामावर गेले. हेही गेले. दहाच्या सुमारास पडायला लागलं. दुपारी सगळी ऑफिसं एकदम सुटली, सगळ्या गाड्या एकदम रस्त्यावर. शहराला वळसा घालणारा 128 नंबरचा हमरस्ता आहे, त्यावर तीन हजारांच्या वर गाड्या अडकल्या. त्यातली एक आमची.

खिडकीतून पांढरं नव्हे, करडं दिसत होतं. आणि ते खाली पडतच नव्हतं, आडवं धावत होतं. रात्री वीज गेली. मी काय केलं असेल? पोळ्या केल्या. दोघांची कणीक भिजवलेली होती, गॅस चालू होता, मेणबत्तीच्या उजेडात सगळ्या लाटल्या. थांबले असते तर रडले असते. मग आजी मेणबत्ती घेऊन वर आल्या आणि हाताला धरून मला खाली घेऊन गेल्या. फोन त्यांच्याकडेच होता. तो वाजला मंगळवारी सकाळी. ‘चर्चमध्ये आहे, बाकावर झोपलो, मोजे ओले आहेत.’ बस, एवढंच बोलले.

त्या दुपारी आजींनी मागचं दार आत ओढलं. समोर हिमाची भिंत, माझ्या गळ्यापर्यंत. तिच्यावर अख्ख्या दाराचा ठसा, फळ्यांच्या रेघा, मुठीच्या जागी गोल खळगा. मोदक साच्यातून काढावा तसा. मी त्यातलंच पातेलंभर खरवडून गॅसवर ठेवलं, तर तळाशी जेमतेम दोन वाट्या पाणी. दहा इंच हिमाचं पाणी साधारण इंचभरच होतं, हे मला तेव्हा कुठे माहीत!

बोस्टनच्या विमानतळावर 27.1 इंच मोजलं. एरवी असं वादळ दहा-बारा तासांत पुढे सरकतं. पण उत्तरेला कॅनडावर जास्त दाबाची हवा आडवी बसली होती, त्यामुळे हे हललंच नाही. तीस तासांच्या वर पडत राहिलं. किनाऱ्यावर त्यात अमावास्येच्या भरतीची भर, समुद्र घरांत शिरला. (सासूबाईंचं पत्र पंधरा दिवसांनी आलं : ‘मंगळवारी मौनी अमावस होती, ओंकारेश्वरला न्हाऊन आले, तुम्हा दोघांच्या नावानं दिवा सोडला.’)

बुधवारी संध्याकाळी हे चालत घरी आले. पुढे आठवडाभर गाड्या चालवायला बंदी, पोरं घसरगाड्यांवरून दूध-ब्रेड ओढून आणायची, तिथल्या राज्याचे गव्हर्नर डुकाकिस रोज स्वेटर घालून टीव्हीवर. ते दिवस मजेत गेले, खोटं कशाला बोलू.

त्या रात्रीचं मात्र ह्यांनी फार उशिरा सांगितलं. गाडीत बसून लोक हीटरसाठी इंजिन चालू ठेवत होते. हिमानं मागचा सायलेन्सर बुजतो आणि धूर आत येतो. त्यातल्या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, वास नसतो, नुसती झोप येते. त्या वादळात गाडीत बसल्या बसल्या काही माणसं अशीच गेली. हे दर पंधरा मिनिटांनी उतरून सायलेन्सर मोकळा करायचे. फावडं नव्हतं, म्हणून मी दिलेल्या पोळीच्या डब्याच्या झाकणानं.

म्हणून मुलीला स्वेटरचं नाही, हे सांगा : वादळात कुणाच्याही गाडीत बसू नकोस. अडकलीसच तर आधी सायलेन्सर मोकळा कर, मगच इंजिन लाव, अधूनमधून थोडा वेळच, आणि काच बोटभर खाली ठेव. घरातल्या हीटरचा बाहेर निघालेला पाइपही बुजू देऊ नकोस. वादळाची सूचना आली की आधी फोन चार्ज कर. आणि ताई, तिचा फोन लागला नाही तर तुम्ही पोळ्या करा, माझा अनुभव आहे.

पार्सल करायचंच असेल तर जिरावण, आपला पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, पाठवा; आमच्या वेळी तिथे ते मिळत नव्हतं. आमचं त्याच डब्यात असतं. झाकण तेव्हा वाकलं ते आता बसत नाही, वर ताटली ठेवावी लागते.