“हिला गणिताची आवडच न्हाई”

“मॅडम, हिला गणिताची आवडच न्हाई. आमच्या दोघांचंबी कच्चंच होतं, मग हिला कुठनं जमणार?”

सांगलीवाडीहून आलेली आई नववीतल्या मुलीसमोरच बोलत होती. घटक चाचणीत २० पैकी ४ गुण. दोन शिकवण्या बदलून झालेल्या. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत बसलेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हे वाक्य मी सांगलीत इतक्यांदा ऐकते, की त्यावर लगेच काही बोलत नाही. वही मागते.

वहीतली उदाहरणं नीटनेटकी होती, पण गाइडमधून उतरवलेली. म्हणून मागच्या पानांवरचं कच्चं काम पाहिलं. बहुपदींच्या गुणाकारात पाढे बरोबर, पायऱ्या बरोबर. उणे गुणिले उणे आलं की गाडी घसरलेली. दरवेळी तिथंच.

“उणे तीन गुणिले उणे दोन किती गं?”

“उणे सहा.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघत, घाईघाईनं, “नाही, सहा. की पाच?”

ती गणित करत नव्हती, माझा चेहरा वाचत होती.

पूर्णांकांचा गुणाकार सातवीच्या पुस्तकात सुरुवातीलाच येतो. ती २०२१ साली सातवीत गेली. शाळा मोबाईलवर, आणि जुलैत महापूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५० फुटांच्या वर गेलं, हे सगळे मिरजेला मावशीकडे. परतले तेव्हा घरात चिखल होता आणि वर्ग पुढच्या धड्यावर. पुढं शाळा भरल्यावर एकदा तिनं शंका विचारली, तर “एवढंही येत नाही?” असं ऐकावं लागलं. नंतर तिनं हात वर केलाच नाही.

नावड बहुतेक वेळा अशी मागाहून येते. आधी काहीतरी सुटतं, मग लाज वाटते, मग भीती. आणि भीती नुसती मनात बसत नाही. आकडेमोड करताना डोक्यात एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवता येतात, ‘चुकलं तर?’ हा विचार तीच जागा अडवतो. म्हणून घरी जमणारं उदाहरण पेपरात जमत नाही. अशा मुलाला “पटकन सांग” म्हणणं मला क्रूर वाटतं.

तिला मी पुराचंच विचारलं. “पाणी रोज दोन फूट उतरतंय, म्हणजे उणे दोन. आज धोक्याच्या पातळीवर, ४५ फुटांवर आहे. तीन दिवसांपूर्वी किती होतं?”

“५१.” क्षणात आलं उत्तर.

“तीन दिवस मागं म्हणजे उणे तीन. मग पाणी आजच्यापेक्षा कमी होतं की जास्त?”

ती थांबली. या वेळी माझ्याकडे पाहिलं नाही. “सहा जास्त. म्हणून अधिक होतंय व्हय!”

आईला मी एवढंच सांगितलं: तिच्यासमोर ‘आमचंबी कच्चंच’ म्हणू नका, आणि गुण विचारण्याआधी ‘कुठं अडलं?’ विचारा. मुलीला रोज वीस मिनिटं, सहावी-सातवीच्या पुस्तकातली उदाहरणं, घड्याळ न लावता. नववीच्या पोरीनं सातवीचं पुस्तक उघडायचं, याची तिला लाज वाटत होती. पहिला आठवडा ती ते दार लावून करायची.

पुढच्या चाचणीत ११ मिळाले. “दहावीला निघेल का?” वडिलांनी फोनवर विचारलं. दहावीचं गणित म्हणजे बीजगणित ४०, भूमिती ४०, अंतर्गत २० गुण; अजून दीड वर्ष हातात आहे, मी म्हटलं. मागून तिचा आवाज आला, “मॅडमना सांगा, अपूर्णांकाचा भागाकारबी शिकायचा राहून गेलाय माझा.”


कुठं अडलंय, ते तिनं स्वतःच शोधलं होतं.